शेंड्यापर्यंत न चढता उंची कशी काढायची

त्रिकोणमिती म्हटलं की बऱ्याच जणांना एकच दृश्य आठवतं, एक दीपगृह, त्याच्या टोकावर उभा असलेला एक माणूस आणि लांब समुद्रात एक जहाज. त्या माणसाला दुसरं काही काम नव्हतं का असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. पण ते जहाज माझ्या चांगलंच लक्षात आहे कारण परीक्षेत त्यानेच माझे मार्क खाल्ले. दीपगृहाची उंची ६० मीटर, जहाजाचा अवनत कोन (आडव्या नजरेपासून खाली झुकलेला कोन) ३०°, तर जहाज किती लांब? मी झोकात ३४.६ मीटर काढलं आणि पेपर देऊन मोकळा झालो. खरं उत्तर १०३.९. टॅन ३० ची किंमत बरोबर होती, √३ बरोबर होता, गुणाकारही बरोबर होता, फक्त तो ३०° चा कोन मी आकृतीत भलत्याच कोपऱ्यात बसवला होता, त्यामुळे बिचारं जहाज जवळजवळ दीपगृहाच्या पायरीला येऊन लागलं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मी भेटेल त्याला ऐकवतो. उंची आणि अंतराच्या गणितात गणित फार थोडं असतं, चित्रच जास्त असतं. आकृती बरोबर काढली की उरतं ते दोन ओळींचं काम. आणि सगळे नेमके उलटं करतात, गणित वाचलं की आधी सूत्र शोधायला लागतात.

तर सूत्र विसरून जरा सावलीकडे बघू. ऊन पडलंय, तुम्ही उघड्यावर उभे आहात आणि शेजारी एक उंच झाड आहे. सूर्य इतका लांब आहे की तुमच्यावर आणि झाडावर पडणारे किरण एकाच तिरकसपणाने येतात. म्हणजे तुमची उंची आणि तुमची सावली यांचा जो छोटा त्रिकोण होतो, अगदी तोच त्रिकोण मोठा करून झाडाजवळ मांडलेला असतो. तुमची सावली तुमच्या उंचीच्या दुप्पट असेल तर झाडाची सावलीही झाडाच्या दुप्पटच असणार, त्याला पर्याय नाही. शाळेत याला समरूप त्रिकोण म्हणतात. आता झाडाची सावली जमिनीवरच आहे, ती टेपने मोजता येते, तिच्या निम्मी म्हणजे झाडाची उंची. वर चढायची गरजच नाही.

इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक विचारवंत थेलीस याने इजिप्तमधल्या पिरॅमिडची उंची अशीच काढली अशी जुनी कथा आहे. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीएवढी होईपर्यंत तो थांबला आणि त्या क्षणी पिरॅमिडची सावली मोजली. ऐकायला सोपं वाटतं पण यात एक खोच आहे. पिरॅमिडचं टोक पायाच्या कडेवर नसतं, मध्यावर असतं, त्यामुळे सावली कडेपासून नाही तर मध्यापासून मोजावी लागते. गीझाच्या मोठ्या पिरॅमिडची मूळ उंची साधारण १४६.६ मीटर आणि पायाची बाजू साधारण २३० मीटर. म्हणजे सूर्य एका बाजूला अगदी समोरासमोर आणि ४५° वर असताना सावलीचं टोक मध्यापासून १४६.६ मीटरवर पडणार, त्यातले ११५ मीटर तर पिरॅमिडच्या पोटातच गेले, बाहेर दिसणार जेमतेम ३१-३२ मीटर. नुसती बाहेरची सावली मोजून कोणी उत्तर लिहिलं तर पिरॅमिड दहा मजली इमारतीएवढा होईल. बघा, इथेही चुकतं ते चित्रच.

आता सावलीतून सूर्य काढून टाका आणि त्या जागी तुमचा डोळा ठेवा. सावलीचं टोक जिथे होतं तिथे डोळा, झाडाचा बुंधा काटकोनात, आणि डोळ्यापासून शेंड्यापर्यंत जाणारी सरळ रेषा. ही झाली दृष्टिरेषा. डोळ्यातून अगदी आडवी, समोर जाणारी रेषा ती क्षितिजसमांतर रेषा. या दोघींच्या मधला कोन म्हणजे उन्नत कोन. आणि त्रिकोणमितीचं सगळं भांडवल एका वाक्यात मावतं, की काटकोन त्रिकोणात तो एक कोन ठरला की बाजूंची गुणोत्तरं ठरली, मग त्रिकोण वहीत बसणारा असो नाहीतर डोंगराएवढा असो.

ही गुणोत्तरं कोणीतरी एकदाच काढून तक्त्यात लिहून ठेवली, आपण फक्त वापरायची. कोनाच्या समोरची बाजू भागिले लगतची बाजू म्हणजे टॅन. समोरची भागिले कर्ण म्हणजे साइन, आणि लगतची भागिले कर्ण म्हणजे कोसाइन. यातला टॅन म्हणजे सरळ सरळ चढ आहे, आडवं किती गेलो तेव्हा उभं किती चढलो. टॅन ४५° म्हणजे १, जेवढं आडवं तेवढंच उभं. टॅन ६०° म्हणजे √३, साधारण १.७३, म्हणजे १ मीटर आडवं जाताना पावणेदोन मीटरच्या आसपास वर. टॅन ३०° म्हणजे १/√३, साधारण ०.५८, निम्म्याहून थोडं जास्त. एवढ्या तीन किमती चढ म्हणून डोक्यात बसवल्या ना की उत्तर वेडंवाकडं आलं तर लगेच खटकतं. माझ्या जहाजाचंच बघा, अवनत कोन ३०° म्हणजे नजर फारशी खाली झुकलेली नाही, म्हणजे जहाज लांबच असणार, उंचीपेक्षा जास्तच लांब असणार. ६० मीटर उंचीवरून ३४ मीटरवरचं काही बघायचं तर मान चांगलीच खाली घालावी लागते, साठ अंश. एवढा विचार त्या दिवशी केला असता तर मार्क वाचले असते.

साधं उदाहरण करून टाकू. झाडापासून २५ मीटरवर उभे आहात, शेंड्याचा उन्नत कोन ४५°. टॅन ४५° म्हणजे १, म्हणजे उंची २५ मीटर. झालं? नाही झालं. कोन मोजला तो डोळ्यापासून, जमिनीपासून नाही. डोळा जमिनीपासून दीड मीटर वर असेल तर तो त्रिकोण दीड मीटरवर सुरू होतो, म्हणून झाडाची उंची २६.५ मीटर. पुस्तकातल्या गणितात "जमिनीवरील एका बिंदूपासून" असं लिहिलेलं असतं तेव्हा डोळ्याची उंची धरायची नाही, पण "१.५ मीटर उंचीचा मुलगा" असं लिहिलं असेल तर तो मुलगा उगाच आलेला नाही हे समजून जा, त्याची उंची शेवटी मिळवायचीच आहे. हा मुलगा विसरणारे लोक मी दरवर्षी बघतो.

आता अवनत कोन, म्हणजे जिथे माझी गाडी घसरली ते. वरून खाली बघताना नजर किती झुकली ते सांगणारा कोन. हा कोन मोजायचा तो डोळ्यातून निघणाऱ्या आडव्या रेषेपासून, भिंतीपासून किंवा मनोऱ्यापासून नाही. गंमत अशी की ती आडवी रेषा गणितात कुठेच दिलेली नसते, ती आपण स्वतः काढायची असते, आणि आपण आळस करून ती काढतच नाही. मग मनोरा आणि दृष्टिरेषा यांच्यात जो कोन समोर दिसतो त्यातच आपण ३०° लिहून मोकळे होतो, वास्तविक तो असतो ६०°, कारण दोघं मिळून ९०° होतात. म्हणून माझी सवय अशी की वरून बघायचं गणित आलं की सगळ्यात आधी वरच्या टोकातून एक तुटक आडवी रेघ मारायची. बाकी सगळं नंतर.

ही रेघ मारली की अजून एक फायदा होतो. वरची आडवी रेघ आणि खालची जमीन समांतर, आणि दृष्टिरेषा त्यांची छेदिका, म्हणजे वरचा अवनत कोन आणि जहाजापाशी होणारा उन्नत कोन हे व्युत्क्रम कोन, दोन्ही सारखे. सोप्या भाषेत, तुम्ही खाली बघताना जेवढी मान वाकवता तेवढीच खालच्याला तुमच्याकडे बघताना वर करावी लागते. मग कोन सरळ खाली जहाजापाशी आणून ठेवायचा आणि नेहमीचं गणित करायचं. टॅन ३०° = ६० भागिले अंतर, म्हणून अंतर ६०√३, म्हणजे १०३.९.

वर आणि खाली दोन्हीकडे बघायचं असेल तर? समजा खिडकी जमिनीपासून १२ मीटरवर आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीचा उन्नत कोन ४५° आणि तिच्या पायथ्याचा अवनत कोन ३०°. इमारत किती उंच? खिडकीतून आडवी रेघ समोरच्या इमारतीला भिडवा, इमारतीचे दोन तुकडे झाले. खालचा तुकडा १२ मीटरचा, तो खिडकीएवढाच. खालच्या त्रिकोणातून मधलं अंतर मिळतं, १२√३ म्हणजे २०.७८ मीटर. वरचा कोन ४५°, म्हणून वरचा तुकडाही २०.७८. एकूण ३२.७८ मीटर. दोन त्रिकोण, मधे एक बाजू सामाईक, एका त्रिकोणातून ती काढायची आणि दुसऱ्यात वापरायची. या चॅप्टरमधली अवघड म्हणवली जाणारी बहुतेक गणितं अशीच दोन त्रिकोणांची जोडगोळी असते.

साइन आणि कोसाइन इथे कमी लागतात, कारण कर्ण म्हणजे हवेतली तिरकी रेषा, ती सहसा कोणी मोजलेली नसते आणि विचारलेलीही नसते. पण ती तिरकी रेषा दोरी किंवा शिडी असेल तर गोष्ट वेगळी. पतंगाचा दोर ६० मीटर, जमिनीशी कोन ६०°, तर उंची ६० × साइन ६०°, म्हणजे ५२ मीटरला थोडी कमी. (दोर ताठ धरला आहे असं गणितात लिहिलेलं असतं ते उगाच नाही, खऱ्या दोराला झोल असतो आणि मग त्रिकोणच राहत नाही.) मोडलेल्या झाडाचं गणितही याच जातीतलं, शेंडा बुंध्यापासून ८ मीटरवर टेकलाय आणि तिथे ३०° चा कोन झालाय. उभा राहिलेला भाग ८ × टॅन ३०°, म्हणजे ४.६२. पडलेला भाग हा कर्ण, ८ भागिले कोसाइन ३०°, म्हणजे ९.२४. मूळ झाड दोघांची बेरीज, १३.८६ मीटर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे उभा भाग काढून तिथेच उत्तर लिहून टाकणं, पडलेला भागही एकेकाळी झाडच होतं हे विसरून.

साइन या शब्दाचा प्रवास सांगायचा मोह आवरत नाही. आर्यभटाने (जन्म ४७६) आपल्या ग्रंथात अर्धज्येचा, म्हणजे आजच्या साइनचा, तक्ता दिला. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि तिचंच दुसरं नाव जीवा, वर्तुळाची जीवा आपण आजही म्हणतो. हे ज्ञान अरबी भाषेत गेलं तेव्हा जीवाचं जिबा झालं. अरबीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी ते जैब असं वाचलं, ज्याचा अर्थ कपड्याची घडी किंवा खिसा, आणि त्याच अर्थाचा लॅटिन शब्द घातला, सायनस. म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं ते बटण मुळात आपल्या धनुष्याची दोरी आहे, मधे कोणाच्या तरी खिशातून फिरून आलेली.

बरं, आत्तापर्यंत आपण धरून चाललो होतो की पायथ्यापर्यंत टेप नेता येतो. पण खरी पंचाईत तिथेच असते. मधे नदी आहे, कुंपण आहे, किंवा ती गोष्टच डोंगर आहे ज्याचं शिखर नेमकं पायथ्याच्या कुठल्या बिंदूच्या वर आहे हे माहीतच नाही. अशा वेळी एक कोन पुरत नाही. ३०° वर दिसणारी गोष्ट जवळचं छोटं झाड असू शकते नाहीतर लांबचा मोठा मनोरा, दोघंही ३०° वरच दिसतील. कोन फक्त आकार सांगतो, माप सांगत नाही, माप कुठूनतरी एकदा तरी टेपने आणावंच लागतं.

मग युक्ती अशी, की एक कोन मोजायचा, मग सरळ त्या दिशेने थोडं चालायचं, चाललेलं अंतर मोजायचं आणि परत कोन घ्यायचा. समजा आधी ३०° होता, ४० मीटर पुढे गेल्यावर ६०° झाला. मनोऱ्याची उंची उ आणि उरलेलं अंतर क्ष मानू. दुसऱ्या जागेवरून उ = √३ क्ष. पहिल्या जागेवरून उ भागिले (क्ष + ४०) = १/√३, म्हणजे √३ उ = क्ष + ४०. आता पहिल्यातला उ दुसऱ्यात घातला की ३ क्ष = क्ष + ४०, म्हणून क्ष = २०. आणि उंची २०√३, म्हणजे ३४.६४ मीटर. नदीत पाय न घालता नदीपलीकडच्या मनोऱ्याची उंचीही मिळाली आणि तो किती लांब आहे तेही मिळालं, एका दगडात दोन पक्षी.

पण हेच समीकरणाशिवाय बघा, मला हा भाग फार आवडतो. पहिली जागा, दुसरी जागा आणि मनोऱ्याचं टोक हा एक लांबुळका त्रिकोण आहे. त्यात पहिल्या जागेचा कोन ३०°, आणि दुसऱ्या जागेचा ६०° हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन. बाह्यकोन म्हणजे दूरच्या दोन आंतरकोनांची बेरीज, म्हणून टोकापाशी उरलेला कोनही ३०°. दोन कोन सारखे म्हणजे समोरच्या बाजू सारख्या, म्हणजे तुम्ही चाललेले ४० मीटर आणि दुसऱ्या जागेपासून टोकापर्यंतची तिरकी रेषा, दोन्ही सारखंच, ४०. मग उंची ४० × साइन ६०°, तीच ३४.६४. कुठे क्ष नाही, कुठे समीकरण नाही. कोन दुप्पट झाला की चाललेलं अंतर बरोबर दृष्टिरेषेएवढं असतं, ३०° आणि ६०° च असायला हवेत असंही नाही, २०° चे ४०° झाले तरी चालतं. समुद्रावरचे खलाशी हीच गोष्ट आडवी करून वापरत आलेत, म्हणजे जहाजाच्या नाकाच्या दिशेपासून किनाऱ्यावरचा दिवा अमुक कोनात दिसतोय, जहाज सरळ जात राहिलं आणि तो कोन दुप्पट झाला की मधे जेवढं अंतर कापलं तेवढाच दिवा आता जहाजापासून लांब आहे. प्रवाह आणि वाऱ्याने जहाज बाजूला सरकलं नसेल तर.

हे सगळं स्वतः करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक, एक स्ट्रॉ, दोरा आणि दोऱ्याला बांधायला एखादा नट किंवा खडा. कोनमापक उलटा धरायचा, सपाट बाजू वर. त्या सपाट बाजूला स्ट्रॉ चिकटवायची आणि मधल्या छिद्रातून दोरा खाली सोडायचा. स्ट्रॉ आडवी असताना दोरा ९० वर लटकतो. आता स्ट्रॉमधून शेंडा बघा, कोनमापक तुमच्याबरोबर कलतो पण दोरा काही कलत नाही, तो सरळ खालीच राहतो, त्यामुळे दोऱ्याचा आकडा ९० पासून जेवढा हलला तेवढा उन्नत कोन. ५५ दिसला तर कोन ३५°. आकडा वाचायला दुसरा माणूस हवा, नाहीतर दोरा बोटाने दाबून धरायचा आणि मग खाली आणून वाचायचा.

एवढ्या साध्या यंत्रात एखाद्या अंशाची चूक होणारच, मग उभं कुठे राहायचं याला महत्त्व येतं. समजा खरी उंची ५० मीटर आहे. ४५° वर, म्हणजे ५० मीटर लांब उभे राहून कोन एक अंश जास्त वाचला तर उत्तर ५१.८ येतं. अगदी जवळ जाऊन ७५° वर तीच चूक केली तर ५३.७. आणि २८४ मीटर लांब जाऊन, जिथून कोन फक्त १०° आहे, तिथे तीच चूक केली तर ५५.१. म्हणजे फार जवळही नको आणि फार लांबही नको, ४५° च्या आसपास उभं राहिलं की एका अंशाची चूक सगळ्यात कमी नडते. दोन जागांवरून मोजताना तर याहून जास्त सांभाळावं लागतं. थोडंसंच चालून कोन ३०° चा ३२° झाला आणि त्यावर गणित मांडलं, तर सगळं उत्तर त्या मधल्या २° च्या फरकावर उभं असतं. त्यात एका अंशाची चूक झाली आणि फरक १° वाचला गेला की उंची जवळजवळ दुप्पट येते. म्हणून चालायचं तर चांगलं भरपूर चालायचं.

आणि कॅल्क्युलेटर. कोन अंशात टाकला पण मशीन रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) ठेवलेलं असेल तर टॅन ३० म्हणून ते बिनदिक्कत उणे ६.४ दाखवतं, झाड जमिनीत उगवल्यासारखं. ते निदान दिसतं तरी. टॅन ४५ मात्र १.६२ येतो आणि तो आकडा इतका सभ्य दिसतो की शंकाच येत नाही. आधी टॅन ४५ दाबून १ येतो का बघायचं आणि मगच कामाला लागायचं.

खऱ्या जगात ही युक्ती किती ताणता येते हे बघायचं तर अकराव्या शतकातला विद्वान अल बिरूनी बघा. नंदना नावाच्या किल्ल्याजवळच्या (आज तो भाग पाकिस्तानात आहे) डोंगराची उंची त्याने दोन जागांवरून कोन घेऊनच काढली. मग तो वर गेला आणि क्षितिजाचा अवनत कोन मोजला. पृथ्वी सपाट असती तर हा कोन शून्यच आला असता, पण तो आला साधारण ३४ मिनिटं (एका अंशाची ६० मिनिटं), म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. आता क्षितिजाला टेकणारी दृष्टिरेषा ही पृथ्वीच्या वर्तुळाची स्पर्शिका, स्पर्शिका आणि त्रिज्या काटकोनात, झाला आपला काटकोन त्रिकोण. कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची, लगतची बाजू म्हणजे त्रिज्या, आणि पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन तोच जो वर मोजला. कोसाइन लावला की पृथ्वीची त्रिज्या हातात. आजची ६,३७१ किलोमीटरची त्रिज्या धरून उलटं गणित केलं तर ३०० मीटर उंचीवरून हा कोन साधारण ३३ मिनिटं येतो. कोन एवढा बारीक की वाचताना एका मिनिटाची चूक झाली तरी त्रिज्या सहा टक्क्यांनी हलते. पण पृथ्वीभोवती न फिरता एका डोंगरावर उभं राहून तिचं माप काढायचं, ही हिंमतच मोठी आहे.

मग १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साडेसात मैलांच्या आसपासची एक सरळ रेषा जमिनीवर साखळीने मोजून घेतली. तेच ते एकदा तरी टेपने आणावं लागणारं माप. त्या एका रेषेच्या दोन टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा करायचा, त्याची नवी बाजू घेऊन पुढचा त्रिकोण, असं करत करत त्रिकोणांची साखळी हिमालयापर्यंत गेली. अधूनमधून पडताळा म्हणून जमिनीवर परत एखादी रेषा मोजायची, बाकी सगळे कोन. शिखर क्रमांक पंधरा ज्याला म्हणायचे त्याचे कोन १६० किलोमीटरहून लांबून घेतले गेले, आकडेमोड बंगाली गणिती राधानाथ सिकदर यांनी केली, आणि १८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. त्या शिखराला पुढे एव्हरेस्ट नाव मिळालं.

इथे मात्र आपला शाळेतला त्रिकोण जसाच्या तसा चालत नाही. १७० किलोमीटर अंतरावर पृथ्वीचा पृष्ठभाग तुमच्या आडव्या रेषेपासून सव्वादोन किलोमीटरने खाली वळलेला असतो, म्हणजे नुसता टॅन लावला तर एव्हरेस्ट दोन किलोमीटरहून जास्त बुटका निघेल. त्यात हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि शिखर आहे त्यापेक्षा थोडं वर दिसतं, तो फरक काहीशे मीटरचा, आणि तो उन्हाप्रमाणे, थंडीप्रमाणे, वेळेप्रमाणे बदलतो. ही सगळी वजाबाकी-बेरीज हाताने करून सिकदरांचा आकडा आला, मीटरमध्ये साधारण ८,८४०. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६. फरक नऊ मीटरचा, तोही ज्या शिखरावर तोवर कोणी पाऊल ठेवलेलं नव्हतं त्याच्या बाबतीत.

वही जवळ असेल तर एक गणित ठेवून जातो. ६० मीटर रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर सारख्याच उंचीचे दोन खांब आहेत. त्यांच्या मधे रस्त्यावर एका ठिकाणाहून एका खांबाचं टोक ६०° वर दिसतं आणि दुसऱ्याचं ३०° वर. खांब किती उंच आणि तुम्ही कोणत्या खांबापासून किती लांब? आधी फक्त आकृती काढा आणि तुम्ही कोणत्या खांबाच्या जवळ आहात ते नुसतं बघून सांगा. उत्तर १५√३, म्हणजे २५.९८ मीटर उंची, आणि अंतरं १५ आणि ४५.